पॉवर हाऊस शांत होईपर्यंत : लक्षद्वीपच्या एका बेटावरच्या कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

काल दुपारी पोचलो. कोचीहून जहाज, आणि जहाज लगूनच्या, म्हणजे बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्याच्या, बाहेरच थांबतं, मग छोट्या बोटीत उतरायचं, लाटेवर बोट वरखाली होत असते, खलाशी दंडाला धरून ओढून घेतात. मी देवगडचा, होडीची सवय आहे, पण बॅगेत लॅपटॉप आणि रिले टेस्टिंगचं किट होतं त्यामुळे जीव मुठीत धरूनच उतरलो. काम असं की डिझेलवर चालणाऱ्या या बेटाला ६०० किलोवॅट सोलर आणि बॅटरी जोडायची, म्हणजे दिवसा काही तास जनरेटर बंद ठेवता येतील. बेटाचं नाव इथे लिहीत नाही, करारात तसं आहे. राजधानीचं कवरत्ती नाही, त्यापेक्षा लहान, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलने पंचवीस मिनिटं.

आज सकाळी पॉवर हाऊस पाहिलं. ५०० केव्हीएचे, म्हणजे साधारण ४०० किलोवॅटचे, तीन जनरेटर, दिवसा एक चालतो, संध्याकाळी दोन, तिसरा स्टँडबाय. लोड दिवसा ३३० किलोवॅटच्या आसपास, रात्री नऊला ४८० पर्यंत जातो. मागच्या अंगणात डिझेलची बॅरलं रांगेत उभी. सगळं डिझेल मुख्य भूमीवरून समुद्रातून येतं, आणि मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, बार्ज, म्हणजे मालवाहू बोटी, येत नाहीत, म्हणजे चार महिन्यांचा साठा आधीच करून ठेवायचा. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरलं आणि एका लिटरमागे साडेतीन युनिट धरले तरी नुसत्या तेलाचे युनिटला पंचवीस-सव्वीस रुपये होतात, त्यात वाहतूक नाही, ऑईल नाही, ओव्हरहॉल नाही, पगार नाहीत. लोकांच्या बिलात यातला थोडाच भाग येतो, बाकी सरकार सोसतं.

शिफ्ट इंजिनिअरपेक्षा इथे ज्यांचं ऐकतात ते सीनियर ऑपरेटर आहेत. सगळे त्यांना काक्का म्हणतात, मलबारकडे मोठ्या भावाला काक्का म्हणतात. माझ्याशी हिंदीत बोलतात, मधेच मल्याळम. मी सोलरचं ड्रॉइंग उघडलं तर ते मला काही न बोलता शेडच्या मागे घेऊन गेले. तिथे जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांची रॅक, टर्मिनल हिरवी पडलेली, वर जाळं. म्हणाले, मोने (म्हणजे बाळा), सोलर आम्ही आधी पण पाहिलंय.

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. बॅटऱ्यांचे फोटो काढले, कोणत्या टर्मिनलपासून गंज सुरू झालाय ते बघून घेतलं.

१९ ऑक्टोबर

जागेचं काम. जमीन ही इथली सगळ्यात महाग वस्तू आहे. पूर्ण लक्षद्वीपची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, आणि माणसं २०११ च्या जनगणनेत ६४ हजारांवर, त्यामुळे रिकामी जागा असं काही नसतंच, जिथे घर नाही तिथे माड आहे. आणि माड म्हणजे कोणाचं तरी उत्पन्न आहे, खोबरं आहे, तो तोडायचा तर आधी त्या घरी जाऊन बसावं लागतं. ६०० किलोवॅटपैकी निम्मं शाळा, गोदाम आणि ऑफिसांच्या छतांवर टाकतोय, उरलेलं पॉवर हाऊसशेजारच्या तुकड्यावर. एकूण सात माड गेले. माझ्या आजोबांनी लावलेला माड वादळात पडला तेव्हा घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नव्हतं, म्हणून हा आकडा लिहून ठेवतोय.

उभ्या माडांचा दुसरा प्रश्न. सावलीचा हिशोब सॉफ्टवेअर करतं पण नारळ पडण्याचा करत नाही. कुंपणालगतच्या माडांचे नारळ वेळेवर पाडायचे हे मेंटेनन्सच्या यादीत लिहिलं, पहिल्याच ओळीत.

पॅनल १० अंशात. बेट विषुववृत्ताच्या एवढं जवळ आहे की याहून जास्त कल लागत नाही, कमी केला तर धूळ-मीठ पावसात धुऊन जात नाही, तिथेच बसून राहतं. कल कमी म्हणून वाऱ्याचा जोर कमी लागतो आणि रांगा जवळजवळ बसतात, जागा वाचते.

पाया खोल खणता येत नाही. खाली प्रवाळाची वाळू, आणि मीटर-दीड मीटरवर पाणी. बेटाखाली गोड्या पाण्याचं एक पातळ भिंग तरंगत असतं, खाली खारं पाणी, लोकांच्या विहिरी त्याच भिंगावर चालतात. त्यात भोकं पाडत सुटायचं नाही असं पहिल्याच मीटिंगमध्ये ठरलं. काँक्रीटचे ठोकळे वरच ठेवून त्यावर स्ट्रक्चर. ठोकळ्यांसाठी खडी-सिमेंटसुद्धा बार्जनेच आणायची आहे, इथली वाळू बांधकामाला उचलायची नाही, किनारा तिच्यावरच उभा आहे.

२ नोव्हेंबर

बॅटरी उतरली!

यासाठी ऑफिसशी चार महिने भांडलो होतो. ऑफिसचं म्हणणं, वीस फुटी कंटेनर घ्या, स्वस्त पडतो, फॅक्टरीतच जोडून टेस्ट होऊन येतो. बरोबर आहे, पण तो भरलेला पंचवीस-तीस टनांचा, इथे तो उचलणारी क्रेन नाही आणि जेट्टीही तेवढी नाही. म्हणून सव्वादोनशे युनिटच्या आसपासची पाच वेगवेगळी कॅबिनेट घेतली, एकेक अडीच टनांचं. एकूण एक मेगावॅट-अवरच्या, म्हणजे हजार युनिटच्या, थोडं वर. केरळमधल्या बेपूर बंदराहून बार्ज, मग भरतीची वेळ साधून जेट्टी, मग रोलर आणि दोरखंड आणि तीस माणसं. जहाज किनाऱ्यावर ओढताना म्हणतात तसली गाणी म्हणत ओढली त्यांनी. पाचवं कॅबिनेट पायावर बसलं तेव्हा मगरिबची बांग होत होती.

२७ नोव्हेंबर

मीठ. मीठ. मीठ. स्टेनलेस नट-बोल्ट मागवले होते, त्यातली एक पेटी साध्या झिंक प्लेटिंगची निघाली, पंधरा दिवसांत तांबूस डाग. सगळे बदलले. केबल ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथली बुचं, खालूनच घ्यायचे, वरून एकही नाही. इन्व्हर्टर रूमचा पंखा बाहेरची हवा आत ओढत होता तो काढून टाकला, फिल्टर लावून आतला दाब थोडा जास्त ठेवलाय, म्हणजे फटीतून हवा बाहेर जाईल, आत येणार नाही.

अर्थिंगचं आधी टेन्शन होतं, कोरडी वाळू वीज घेत नाही. रॉड पाण्याच्या पातळीपर्यंत गेला आणि रीडिंग एकदम खाली आलं. पण तेच पाणी रॉड खाणार, म्हणून तपासणीचे खड्डे उघडे ठेवलेत, दर सहा महिन्यांनी मोजायचं.

१५ डिसेंबर

सोलर ग्रिडला जोडलं, बॅटरीशिवाय. आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवतो, कारण बॅटरी कशाला पाहिजे हा प्रश्न मला इथे रोज कोणीतरी विचारतं.

दुपारी बाराला सोलर ४५० किलोवॅट देऊ शकतं आणि बेटाला लागतात ३३०. मग जनरेटर बंदच करा की! नाही करता येत. पॅनलची डीसी वीज एसी करणारा साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिडच्या मागे मागे चालतो, जनरेटरने व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ उभे केले तरच त्याला आपला करंट कुठे टाकायचा ते कळतं, जनरेटर गेला की तोही जातो. भजनात टाळ धरायला आधी मृदंग लागतो तसं. बरं, मग जनरेटर चालू ठेवून त्याला अगदी कमी लोड द्या. तेही नाही, डिझेल इंजिन तीस टक्क्यांच्या खाली फार वेळ चालवलं की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं ओलं गळायला लागतं. आमच्या सेटला तीस टक्के म्हणजे १२० किलोवॅट. म्हणजे सोलरला उरले २१०, वरचं ऊन असूनही इन्व्हर्टरला सांगायचं की बाबा थांब. ऊन फुकट चाललंय आणि शेजारी डिझेल जळतंय, हे बघवत नाही.

आणि ढग. सव्वाएकला एक ढग आला, अर्ध्या मिनिटात सोलर निम्म्याच्या खाली. इंजिनच्या गव्हर्नरने जास्त डिझेल सोडलं, घरघर वाढली, फ्रीक्वेन्सी ४८.६ पर्यंत पडून वर आली. ढग गेला की उलटं. काक्का पॅनलसमोर उभे होते, म्हणाले, हे असं दिवसातून पन्नास वेळा झालं तर माझं इंजिन किती दिवस टिकेल? प्रश्न एकदम बरोबर आहे. बॅटरी चालू होईपर्यंत सोलर १५० वर बांधून ठेवलंय.

८ जानेवारी २०२५

आज पूर्ण बेट अंधारात गेलं आणि चूक आमची होती.

टेस्ट अशी होती की बॅटरीचा इन्व्हर्टर ग्रिड उभं करणाऱ्या मोडमध्ये घ्यायचा, म्हणजे मृदंग आता त्याच्या हातात, मग जनरेटरचा लोड हळूहळू काढून ब्रेकर उघडायचा. १२ वाजून ०६ मिनिटांनी उघडला. फ्रीक्वेन्सी ५०.०० वर जणू खिळा ठोकलाय. इतकी सरळ रेषा या बेटाने कधी पाहिली नसेल. आम्ही एकमेकांकडे बघून हसतोय तोवर चौथ्या मिनिटाला सगळं गेलं.

लॉग काढला. बर्फाच्या फॅक्टरीतला कॉम्प्रेसर सुरू झाला होता. ५५ किलोवॅटची मोटर, थेट लाईनवर स्टार्ट होणारी, सुरू होताना सहा-साडेसहा पट करंट ओढते. जनरेटर असला झटका सहन करतो, दिवे क्षणभर मंद होतात आणि गाडी पुढे जाते, कारण अल्टरनेटर थोडा वेळ तिप्पट करंट देऊ शकतो आणि फिरणाऱ्या लोखंडात जोर साठलेला असतो. ५०० केव्हीएचा इन्व्हर्टर तसा नाही, सेमिकंडक्टर आहे, वीस टक्के वर गेला की स्वतःला वाचवायला बंद होतो. मोटर यादीत होती, पण आम्ही तिचा चालू असतानाचा करंट धरला होता, स्टार्टिंगचा नाही. इतकी साधी गोष्ट.

पुढे आणखी वाईट. बॅटरीनेच परत उभं करू म्हणून प्रयत्न केला, तर फीडरचा, म्हणजे गावाकडे जाणाऱ्या लाईनचा, ब्रेकर लावताक्षणी परत ट्रिप. दोनदा. गावातले सगळे ट्रान्सफॉर्मर एकदम चार्ज होताना आतला लोखंडी कोअर चुंबकत्वाने भरून जातो आणि रेटिंगच्या आठ-दहा पट करंट क्षणभर खेचतात. शेवटी काक्कांनी मला बाजूला केलं, जनरेटर चालू केला, एकेक फीडर घेत अकरा मिनिटांत बेट उभं केलं. हॉस्पिटलचा स्वतःचा सेट वेळेत चालू झाला, हे पहिल्यांदा विचारून घेतलं. पाण्याचा प्लांट मात्र थांबला आणि परत लागायला वेळ लागला, संध्याकाळी काही घरांत पाणी उशिरा गेलं.

रात्री मशिदीजवळच्या चहाच्या दुकानात जाऊन जे होते त्यांना काय झालं ते सांगितलं. कोणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्यांनी एवढंच विचारलं, जनरेटर काढून नेणार का तुम्ही? नाही, म्हटलं, जनरेटर इथेच राहणार.

२० जानेवारी

दुरुस्त्या.

कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर बसवला, आता तो हळू उठतो. त्याशिवाय तो सुरू करण्याआधी फॅक्टरीतून पॉवर हाऊसला सिग्नल येतो, बॅटरीच्या इन्व्हर्टरला तेवढा जादा लोड झेपत असेल तरच परवानगी.

ब्लॅक स्टार्टसाठी, म्हणजे पूर्ण अंधारातून ग्रिड परत उभं करण्यासाठी, पद्धतच बदलली. आधी ४१५ व्होल्ट तयार करून मग ब्रेकर लावायचा हे डिझेलचं डोकं. आता घरांकडचे स्विच उघडून ट्रान्सफॉर्मर आधीच जोडून ठेवायचे आणि इन्व्हर्टरने शून्यापासून पाच सेकंदांत व्होल्टेज चढवायचं. कोअरमधला फ्लक्स हळूहळू भरतो, झटका येतच नाही. रात्री अडीचला ट्रायल घेतली, लोकांना आधी सांगून. करंटची रेषा इतकी शांत चढली की मी तीनदा परत करून बघितलं. इन्व्हर्टर जनरेटरपेक्षा दुबळा आहे म्हणून रडण्यात अर्थ नाही, जनरेटरला न येणारी गोष्ट त्याला येते, ती वापरायची.

प्रोटेक्शनचं काम मात्र अजून डोक्यात आहे. शॉर्टसर्किट झालं की फ्यूज उडतो कारण जनरेटर भरमसाट करंट देतो. इन्व्हर्टर देतो जेमतेम सव्वा पट. खारट ओलाव्याने एखाद्या फीडर पिलरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या वीज वाटणाऱ्या पेटीत, फॉल्ट आला तर तिथला मोठा फ्यूज उडणारच नाही, त्याआधी इन्व्हर्टर बंद होऊन पूर्ण बेट जाईल. प्रत्येक पिलरचे फ्यूज मोजले, बरेचसे गरजेपेक्षा खूप मोठे होते, कोणीतरी कधीतरी उडायला नको म्हणून मोठे टाकलेले. बदलले. फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या फीडरच्या रिलेला आता दोन सेटिंग आहेत, जनरेटर चालू असताना एक, बंद असताना दुसरं, त्यात करंटबरोबर व्होल्टेज किती पडलं तेही बघतात.

४ फेब्रुवारी

११:०५ ला जनरेटर बंद. २:४० ला परत चालू. तीन तास पस्तीस मिनिटं, एकही ट्रिप नाही.

कॉम्प्रेसर दोनदा सुरू झाला, ढग सहा-सात वेळा आले, बॅटरी क्षणात वीज आत घेत, बाहेर देत राहिली. फ्रीक्वेन्सी ५०.०१, ४९.९९.

आकड्यांपेक्षा वेगळं काहीतरी लिहायचंय. पॉवर हाऊसमध्ये समुद्र ऐकू आला. तिथे पस्तीस पावलांवर लगून आहे आणि इतके महिने मला तो आवाज माहीतच नव्हता. पलीकडच्या मदरशात मुलं पाठ म्हणत होती ते ऐकू आलं. एक ऑपरेटर पोरगा घाबरून धावत आला, इंजिन बंद म्हणजे त्याच्यासाठी लाईट गेली असाच अर्थ होता आयुष्यभर, आणि वर बघतो तर पंखा फिरतोय.

काक्का पूर्ण वेळ स्टार्ट बटणासमोर खुर्ची टाकून बसले. चहा तिथेच. नमाजाची वेळ झाली तरी उठले नाहीत, नंतर अदा करतो म्हणाले. स्टँडबाय सेटचं पाणी गरम ठेवलेलं होतं त्यावर दर पंधरा मिनिटांनी हात ठेवून बघत होते. मी त्यांना बसू नका म्हटलं नाही. ८ जानेवारीला अकरा मिनिटांत बेट त्यांनीच उभं केलं होतं.

संध्याकाळी लोक विचारत होते रात्री पण बंद करा की. सांगितलं की एक मेगावॅट-अवर म्हणजे रात्रीच्या लोडला दोन-सव्वादोन तास. अमेरिकन सामोआमध्ये टाऊ नावाचं बेट आहे, सहाशेच्या आत वस्ती, तिथे २०१६ मध्ये १.४ मेगावॅट सोलरला ६ मेगावॅट-अवर बॅटरी लावली तेव्हा कुठे रात्र निघाली. न्यूझीलंडच्या टोकेलाऊनेही २०१२ मध्ये आपल्या तिन्ही प्रवाळबेटांवर सोलर आणि बॅटरी टाकली. आमच्या इथे कवरत्तीला १.७ मेगावॅटला १.४ मेगावॅट-अवर, जानेवारी २०२४ पासून. आम्ही सुरुवात केलीय, रात्र अजून डिझेलचीच आहे. आमच्या घारापुरीसारखी केबल टाका असंही एकाने म्हटलं, त्याने मुंबईत नोकरी केलीय. पण घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकली, इथून किनारा शेकडो किलोमीटर, आणि खाली समुद्र खोल.

७ मार्च

नोंबू, म्हणजे रोजे, सुरू झाले आणि लोडचा आलेखच बदलला. पहाटे चारच्या आसपास एक नवीन टेकडी, घराघरांत स्वयंपाक. दुपारचा लोड ३३० वरून २७० वर, दुकानं बंद, लोक आडवे. संध्याकाळी रोजा सोडायच्या आधी लोड खाली जातो आणि नंतर एकदम उसळतो, मग रात्री उशिरापर्यंत उतरतच नाही. कंट्रोलरमध्ये बॅटरी संध्याकाळी सातला वापरायचं लिहिलं होतं ते ऑपरेटर पोरांनीच बदलून घेतलं, थोडी संध्याकाळी, थोडी पहाटेसाठी राखून, म्हणजे पहाटे दुसरा सेट लावावा लागत नाही. ही गोष्ट मुख्य भूमीवर बसून कोणालाही सुचली नसती. शिफ्टवाले उपाशीपोटी त्या उकाड्यात इंजिन रूममध्ये उभे असतात, दुपारी इंजिन बंद असल्याचा सगळ्यात जास्त फायदा या महिन्यात त्यांना झाला.

१९ एप्रिल

उकाडा भयंकर. कॅबिनेट ३ मधला सेल ३८ अंशांपर्यंत गेला, बाकीचे ३० च्या आत. कूलिंगचा फिल्टर मीठ आणि माडाच्या भुशाने बुजलेला. साफ केला, तासाभरात खाली. दर पंधरा दिवसांनी साफ करायचा असं मॅन्युअलमध्ये होतं, ते दर आठवड्याला केलं. मॅन्युअल मल्याळममध्ये करून घेतलंय, चित्रांसकट, आणि त्यात काक्कांच्या वहीतली चार पानं जशीच्या तशी घातलीत, कोणता आवाज आला की काय बघायचं ते.

एक नारळ पडलाच, छतावरच्या पॅनलवर, काच गेली. सुटे दहा आहेत.

१२ मे

या मोसमातली शेवटची बार्ज आज रिकामी झाली. दुपारी अंगणात बॅरलं मोजली. जनरेटर बंद असतो त्या दिवशी साधारण सहाशे लिटर वाचतं, म्हणजे तीन बॅरल. फेब्रुवारीपासून ट्रायल, ढगाळ दिवस, दुरुस्ती सगळं वजा करून पूर्ण चाललेले साठ दिवस, १८० बॅरल. पावसाळ्यात ऊन कमी, तेव्हा दिवसाला साडेअकरा-बारा बॅरल लागतील असं धरलंय, म्हणजे पंधरा दिवसांचं जास्तीचं डिझेल अंगणात उभं आहे. मागे एका पावसाळ्यात शेवटच्या आठवड्यात रात्रीची भारनियमनं करावी लागली होती, ते काक्कांनी आज सांगितलं, मोजणी झाल्यावर.

जून-जुलैसाठी सेटिंग वेगळं ठेवलंय. जनरेटर बंद करण्याआधी बॅटरी साठ टक्क्यांच्या वर पाहिजे, आणि पुढचा अर्धा तास ढग दाट दिसले तर बंद करायचाच नाही. निर्णय शिफ्टवाल्यांचा, कंट्रोलर फक्त सुचवणार.

मी उद्याच्या जहाजाने निघतोय. आज १०:२० ला जनरेटर बंद केला तो काक्कांनी, मी तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात होतो. साडेबाराला बांग झाली. खुर्ची रिकामी होती, चप्पल दारात नव्हती. पोरगा म्हणाला, काक्का नमाजाला गेलेत, जेवूनच येतील.

बाकी राहिलेलं : कॅबिनेट ३ चा नवीन फिल्टर पुढच्या जहाजाने पाठवायचा, पिलर ७ चं झाकण बदलायचं, जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या मुख्य भूमीवर परत न्यायची परवानगी मागायची.